लोरोची तबकडी

माझा धाकटा भाऊ हायदर याच्यासारखा रॅप म्हणणारा कार्ताहेनात झाला नाही आणि होणार नाही. मी म्हणतो म्हणजे ते खरंच आहे. लास कोंचास वस्तीत कुणालाही विचारा, एवेलिओ अवोकाडोवाला खोटं बोलतो का. भाव चढा लावतो म्हणतील, खोटं बोलतो असं कुणी म्हणणार नाही.

शाळा माझी चौथीपर्यंत. तरी ही गोष्ट मीच सांगणार, कारण ज्यांना छान लिहिता येतं त्यातलं कुणी तेव्हा तिथे नव्हतं. मी होतो. एक वेळ अशी आली की माझ्या भावाचा आवाज सगळ्या जगात एकाच जागी शिल्लक होता, एका तबकडीवर. ती तबकडी आमच्या घरात नव्हती, आणि दर रविवारी ती थोडी थोडी झिजत होती.

पण आधी बाप सांगतो, कारण बाप सांगितल्याशिवाय हायदर कळायचा नाही.

आमचा बाप कातालिनो हातगाडीवर अवोकाडो विकायचा. तीच गाडी आज माझ्याकडे आहे, चाकं तेवढी बदललीत. गाड्या ढकलणारे पुष्कळ होते, पण हाक एकट्या कातालिनोची. रोज सकाळी नवी कडवी जोडायचा, आणि ज्या खिडकीखाली उभा राहील तिथल्या बाईला बरोबर टोचेल असं काहीतरी त्यात घालायचा. एक मात्र रोजचं ठरलेलं:

उघडा दार, काढा ताट,
अवोकाडो आला, सोडा वाट,
वरून राकट, आतून साय,
तुमच्या नवऱ्यापरीस बरा हाय.

एस्सिल्दा म्हणून एक जाडी बाई खिडकीतून ओरडायची, "कातालिनो, माझा नवरा घरात आहे."

"मग त्यालाच विचारा सेन्योरा, आतून साय आहे का ते," असं बाप म्हणायचा, आणि नवरा आतून हसायचा, आणि अवोकाडो खपायचे. मी दांडी धरून ढकलत असायचो. हायदर फळांच्या मधे बसलेला असायचा आणि बापाची प्रत्येक हाक जशीच्या तशी परत म्हणायचा. तेव्हापासून वस्ती त्याला लोरो म्हणायला लागली, लोरो म्हणजे पोपट.

बाप एका दुपारी गाडीच्या दांडीवर टेकला आणि तसाच गेला. गाडी माझ्याकडे आली, हाक हायदरकडे गेली. वाटणी आम्ही केली नाही, आपोआप झाली.

आत्याचा नवरा कोलोन बंदराच्या बोटीवर होता. त्यानं पनामाहून एक कॅसेट आणली. त्यात पोरं गात नव्हती, तालावर बोलत होती. हायदर अंगणात बादली पालथी घालून त्यावर बसला आणि दिवसभर तीच कॅसेट ऐकत राहिला. संध्याकाळी उठून मला म्हणाला, "एवे, हे तर पप्पाचं आहे. फक्त खाली ढोल घातलाय."

आई दारात मासे तळत होती. हायदर तिच्या पाठीशी उभा राहून तालावर बोलायला लागला तसा तिनं झारा उचलला. "हे गाणं आहे की भांडण?"

"भांडणच आहे आई, पण तालात."

"मग बाहेर जाऊन भांड. माझी गिऱ्हाइकं पळतायत."

गिऱ्हाइकं पळत नव्हती, उलट थांबत होती. मासा खाऊन झाला तरी उठत नव्हती. हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, आईच्या नाही आणि हायदरच्याही नाही. मीच त्याला म्हटलं, तू सोबेरानोकडे जा.

आमच्या इथे नाच म्हणजे पिको. भोंग्यांची माणसापेक्षा उंच भिंत. रविवारी दुपारी पत्र्याचं कुंपण घालून आत ती उभी करायची, की चार वस्त्यांच्या कपबशा थरथरायला लागतात. आमच्या भागात एल सोबेरानो नावाचा पिको होता, समोर मुकुट घातलेला सिंह रंगवलेला. त्याचा मालक बेलिसारिओ, पोटानं मोठा, बोलण्यानं थोडका. पलीकडच्या वस्तीत एल तिबुरोन, त्याच्यावर शार्क. दोघांचं वैर असं की बायका लग्न ठरवतानाही मुलगा कुठल्या पिकोचा ते विचारायच्या.

पिको मोठा होतो तो त्याच्याकडच्या गाण्यांनी. दुसऱ्या कुणाकडे नाही असं गाणं ज्याच्याकडे, गर्दी त्याच्याकडे. म्हणून रिवाज असा, की पिकोसाठी गाणं केलं की एकच तबकडी कापायची. मग स्टुडिओतली मूळ फीत पुसून टाकायची, आणि ती गाणाऱ्यानं स्वतःच्या हातानं पुसायची, मालकासमोर. नंतर तबकडीवरचं नावही खिळ्यानं खरवडायचं, चुकून कुणी वाचू नये म्हणून. कागद नाही, सही नाही. गाणारा शब्द देतो, की मालक ते वाजवतोय तोवर हे गाणं मी दुसऱ्या कुणासाठी म्हणणार नाही.

बेलिसारिओनं हायदरला ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "सोमवारी स्टुडिओत ये. अंघोळ करून ये."

गाण्याचं नाव 'गाडीवाल्याचं पोर'. पहिल्या कडव्यात आमची वस्ती, चिखल, आईचा तवा, आणि मी पण आहे. 'भाऊ माझा गाडीला बैल, भाऊ माझा भिंत', असं म्हटलंय त्यात, लोकांना पाठ आहे. दुसऱ्या कडव्यात बापाची हाक, जशीच्या तशी, आणि तिच्या शेवटी हायदरनं स्वतःचं जोडलेलं:

चाक झिजलं, हाक झिजली नाही,
बाप गेला, वाट विझली नाही.

तबकडी कापणारा फाब्रिसिओ म्हातारा होता, जाड चष्म्याचा. तबकडी पाकिटात घालताना म्हणाला, "ही रोगणाची आहे, मऊ. सुई फिरली की थोडं खरवडणारच. जपून वाजवा."

हायदर हसला. "अहो, माझ्या गळ्यात अजून शंभर आहेत."

मग त्यानं बटण दाबलं आणि फीत पुसली. ती उलटी फिरत होती तोवर आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो. त्या दिवशी आमच्या घरी कोंबडीचा रस्सा आणि नारळाचा भात झाला, अख्खी गल्ली जेवून गेली. ज्याची फीत पुसली जाते तो मोठा, असं आमच्यात धरतात. मुलगा पदवी घेऊन आला तरी इतकं होत नाही.

पुढचं काय सांगू. त्या वर्षी कार्ताहेनात दुसरं गाणंच नव्हतं. सोबेरानोवर सुई टेकली की कुंपणाचे पत्रे वाजायचे. लोक बापाची हाक म्हणायचे, हजार माणसं एकदम, ज्यांनी कातालिनोला कधी पाहिलं नव्हतं ती सुद्धा. मी गाडी घेऊन गेलो की बायका म्हणायच्या, "लोरोचा भाऊ आला." मी सांगायचो, लोरो माझा भाऊ आहे, मी त्याच्या आधी जन्मलोय. एकदा रेडिओवाला माणूस आला, इस्त्रीच्या शर्टातला, म्हणाला पुन्हा गाऊन द्या, देशभर वाजवतो. हायदर काही बोलायच्या आत मीच म्हटलं, आम्ही शब्द दिलाय, आणि आमच्या घरात शब्द परत घेत नाहीत. हायदरनं मान डोलावली. माणूस गेला. आजही मला त्याचा अभिमान आहे.

हायदरनं नायिबेशी लग्न केलं, मिलेइदिस झाली. बाप्तिस्म्याला पोरीला हातावर घेणारा पाद्रीनो कोण, तर स्वतः बेलिसारिओ. चर्चमध्ये पोर त्याच्या शर्टावर ओकली, तो हलला नाही. तेव्हापासून तो आमचा कोंपाद्रे झाला, म्हणजे नात्यातलाच.

पुढची गाणी हायदर माइकवर म्हणायचा, भिंतीसमोर उभा राहून. भोंग्यांच्या वर आवाज काढायचा म्हणजे पोटातून ओरडावं लागतं. बेलिसारिओ म्हणायचा, हे एक गाणं चालतंय तोवर चालू दे, मग पुढची तबकडी कापू. ते एक चालतच राहिलं.

नोव्हेंबरच्या सणात हायदरचा आवाज बसला. आईनं मध आणि लिंबू दिलं. नाताळात तो घोगरा झाला. कार्निवल आला तेव्हा नुसती हवा निघत होती. मी त्याला चिडवायचो, "काय लोरो, आता तरी मला बोलू देशील." तो हसायचा, हसण्याचाही आवाज यायचा नाही.

हॉस्पिटलातली डॉक्टरीण तरुण होती. तिनं नळी घालून पाहिलं आणि आम्हाला बसायला सांगितलं. गाठ होती, वाईट. स्वरयंत्र अख्खं काढावं लागणार.

हायदर कुजबुजला, "आणि नाही काढलं तर?"

"मुलगी केवढी आहे तुमची?"

"दात येतायत."

"नाही काढलं तर ती शाळेत गेलेली तुम्ही बघणार नाही."

तो माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "काढा." असल्या वेळी घरातल्या मोठ्यानंच बोलायचं असतं.

घरी आल्यावर त्यानं मिलेइदिसला मांडीवर घेतलं आणि तिच्या कानाशी बापाची हाक म्हणायला गेला. नुसती फुंकर. पोरीला वाटलं खेळ आहे, ती खदखदून हसली आणि दुसरा कान पुढे केला. त्यानं परत म्हटलं, परत फुंकर. नायिबे उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. बाहेर आली तेव्हा माझ्यासमोर उभी राहिली. "एवेलिओ, हिला बापाचा आवाज ऐकवायला आपल्याकडे काय आहे?"

मी गाडी बाहेर काढली.

नाचात लोक कॅसेटवर चोरून भरून घ्यायचे. मी गाडी फिरवत दारोदार त्या कॅसेटी गोळा केल्या, पिशवीभर. सगळ्या ऐकल्या. पिकोवर एक निवेदक असतो, त्याचं कामच हे की गाण्यावर ओरडत राहायचं, म्हणजे चोरून भरलेलं कुणाला वापरता येऊ नये. 'मी गाडीवाल्याचं' की लगेच 'सोबेरानोऽ'. 'भाऊ माझा गाडीला' की 'ऐका, सोबेरानोऽ'. पिशवीभर कॅसेटींत माझ्या भावाचं एक वाक्य धड नव्हतं. फाब्रिसिओकडे गेलो, विचारलं, पुसलेल्या फितीत तळाशी काही राहतं का. त्यानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "तुम्हीच टाळ्या वाजवत होतात की हो."

मग रविवारी नाचाला गेलो, भिंतीला अगदी चिकटून उभा राहिलो. तेव्हा मला कळलं. पहिलं कडवं जुन्या खिडकीतून आल्यासारखं येत होतं. आणि दुसरं कडवं, बापाची हाक, तिथे नुसती खरखर, मध्येच एखादा शब्द. हजार माणसं ते कडवं स्वतःच ओरडत होती, म्हणून कुणाला पत्ता नव्हता. तबकडी तिथे मुकी झाली होती आणि लोक नाचत होते.

सोमवारी सकाळीच बेलिसारिओच्या घरी गेलो. तो झोपाळ्यात पडून युकाचे उकडलेले कंद खात होता.

"बसा कोंपाद्रे. अवोकाडो आणलेत का?"

"कोंपाद्रे, मला तबकडीची एक नक्कल पाहिजे. फक्त घरासाठी."

त्यानं युका ताटलीत ठेवली. "तुमच्या भावानं माझ्यासमोर फीत पुसली. मी त्याला शब्द दिला, त्यानं मला. एक नक्कल बाहेर पडली की पुढच्या रविवारी तिबुरोनवर वाजते. मग माझ्या दारात कोण येणार? तुम्ही?"

"मी येईन. मी एकटा दहाजणांइतका नाचतो."

"तुम्ही एकटे दहाजणांइतकं बोलता."

"बरं, नक्कल नको. निदान वाजवू नका. ती झिजतेय. दुसरं कडवं गेलं."

"मला माहितेय," तो म्हणाला. झोपाळा हलायचा थांबला. "माझे कान काय भाड्याचे आहेत? पण ती वाजली नाही तर लोक बाटल्या फेकतात. वाजवायची नाही तर ठेवू कुठे, सांता मार्ताच्या मूर्तीपुढे?"

मी तीनदा गेलो. पहिल्यांदा ऐटीत, नंतर साधा, शेवटी टोपी हातात घेऊन, आणि मी कुणापुढे टोपी काढत नाही. तिसऱ्या वेळी तो दाराबाहेर आलाच नाही, बायकोला पाठवलं. ऑपरेशनची तारीख लागली होती, बुधवार. मी हायदरला म्हटलं, भोंगे जिथे ठेवतात त्या कोठाराचं कुलूप मला माहीत आहे, दोन अवोकाडोंच्या किमतीचं आहे. त्यानं माझी कॉलर धरून कान तोंडाशी ओढला.

"नको. शब्द माझा आहे."

"आवाजही तुझाच आहे."

"तो गेला. आता शब्दच आहे."

हे बोलायला त्याला इतका वेळ लागला, की मधे आईनं कढई उतरवून परत चढवली. ती सगळं ऐकत होती. मला म्हणाली, "तू उगाच गेलास त्याच्याकडे. तू गेलास की माणसाला नाही म्हणावंसंच वाटतं. रविवारी मी जाते, आणि पोरीला नेते."

आमच्याकडे पोर पाद्रीनोला भेटलं की हात जोडून आशीर्वाद मागतं. आशीर्वाद द्यावा लागतो, आणि रिकाम्या हातानं परत पाठवता येत नाही. असं कुणी पाठवलेलं माझ्या उभ्या आयुष्यात मी पाहिलं नाही. तसं करणाऱ्याच्या घरचं पाणी पीत नाहीत.

रविवारी दुपारी कुंपणाचे पत्रे उभे राहत होते, भोंगे चढवत होते, पंधरावीस हमाल, बर्फवाला, तिकीटवाली. आई त्या सगळ्यांच्या मधोमध गेली, कमरेवर मिलेइदिस, पांढरा झगा घातलेली. मी आणि हायदर मागे. आईनं पोरीचे दोन हात जुळवले आणि मोठ्यानं म्हणाली, मासे विकते त्या आवाजात, "पाद्रीनो, हिला आशीर्वाद द्या."

सगळे थांबले. बेलिसारिओनं टोपी काढली. "देव तुला चांगली करो, बाळा." मग खिशात हात घातला आणि नोट काढली.

"तिला पैसे नकोत," आई म्हणाली.

"मग बाहुली देतो, पाठवतो."

"बाहुली नको. तिच्या बापाचा आवाज पाहिजे. बुधवारी तो कापून टाकणारेत. हिला तो आठवायचा नाही, आणि तुमच्याकडे तो आहे. द्या, नाहीतर नाही म्हणा. ह्या सगळ्यांसमोर म्हणा, म्हणजे मी घरी जाते."

बेलिसारिओ आईकडे बघत होता, आईच्या मागे उभ्या हायदरकडे बघत नव्हता. मिलेइदिसनं त्याच्या मिशीला हात घातला. त्यानं काढला नाही.

"सेन्योरा," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही मला ह्या पत्र्यांच्या मधे उघडं केलंत."

"मी मासे विकते. मला मासाच उघडा करता येतो."

एक हमाल हसला. बेलिसारिओ हमालांकडे वळला. "आज 'गाडीवाल्याचं पोर' वाजणार नाही." मग आम्हाला म्हणाला, "उद्या दुपारी घरी या. एकदाच वाजवीन, एकाच कॅसेटवर. ती लोरोच्या घराबाहेर पडणार नाही. शब्द?"

हायदर पुढे आला आणि त्यानं हात धरला.

त्या दिवशी लोकांनी गाणं मागितलं. बेलिसारिओनं दिलं नाही. मग बाटल्या आल्या, सिंहाचा एक डोळा गेला, आणि अर्धी गर्दी पूल ओलांडून तिबुरोनकडे गेली. तो भिंतीला पाठ लावून उभा होता. मी त्याला आधी काय काय म्हटलं असेल ते असो, पण त्या दिवशी उभा राहिला तो माणूस.

सोमवारी त्याच्या बैठकीत आम्ही बसलो, आई, नायिबे, पोर, हायदर, मी. दारं खिडक्या लावलेल्या, पंखा बंद, घाम गळतोय. टेबलावर तबकडीचं यंत्र, कॅसेटचं यंत्र, आणि शेजारी निवेदकाचा माइक, सगळं एकाच पेटीला जोडलेलं. बेलिसारिओनं कॅसेट चालू केली आणि सुई टेकली.

आधी खरखर. मग हायदर आला.

जुन्या खिडकीतून का होईना, पण आला. सोबेरानो नाही, कुणी ओरडत नाही, नुसता माझा भाऊ. 'मी गाडीवाल्याचं पोर, माझं नाव चाकाला विचार.' मिलेइदिसनं मान वर केली आणि पेटीकडे बघायला लागली. नायिबे पदराचं टोक तोंडात धरावं तशी शर्टाची बाही चावत होती. 'भाऊ माझा गाडीला बैल, भाऊ माझा भिंत.' हायदरचे ओठ हलत होते, शब्दाशब्दाला बरोबर.

आणि मग दुसरं कडवं आलं, आणि काहीच आलं नाही. ढोल पण बुडालेला, खोल कुठेतरी. शूऽऽ. हायदरचे ओठ हलतच होते, पण पेटीतून काही नाही आणि त्याच्यातूनही काही नाही. कॅसेट फिरत होती, त्यावर नुसतं शूऽऽ भरलं जात होतं, बापाच्या हाकेच्या जागी, आणि आम्ही सगळे ते बघत होतो.

हायदरनं निवेदकाचा माइक उचलला आणि माझ्या छातीवर दाबला. बेलिसारिओनं बटण वर केलं.

ती हाक मी रोज मारतो. त्या गल्ल्यांतून माझ्याइतकी कुणी मारलेली नाही. घसा माझा बापासारखाच आहे, हायदरपेक्षा मोठा, हे मी आयुष्यभर सांगत आलो. मी तोंड उघडलं. उघडा दार, काढा ताट. ढोल मला सापडेना. कधी पुढे जात होतो, कधी मागे पडत होतो. हायदर माझ्या गुडघ्यावर थाप देत होता, हे घे, इथे, इथे, आणि मी तरी चुकत होतो. तुमच्या नवऱ्यापरीस बरा हाय, तिथे आई हसली की रडली, कॅसेटवर आहे ते, कळत नाही. चाक झिजलं, हाक झिजली नाही. तेवढं म्हणून मी थांबलो. शेवटी खरखरीतून हायदरचं एक 'नाही' वर आलं, माझ्यानंतर, एकटं. मग सुई आतल्या कडेला गेली.

"परत घेऊ," मी म्हटलं. "आता मला ताल सापडला."

बेलिसारिओनं तबकडी उजेडात धरली. काळ्या रोगणाखालचं पांढरं दिसत होतं. "आता हिच्यात काही नाही, कोंपाद्रे."

बुधवारी हायदरला आत नेलं. जाताना त्याला डॉक्टरिणीनं विचारलं, काही बोलायचंय का. त्यानं मान हलवली, नाही. बाहेर आला तो गळ्याला भोक घेऊन. मग माझ्यासोबत गाडी ढकलायचा, हाक मी मारायचो आणि तो घंटी वाजवायचा, आणि घंटी तालात असायची. मिलेइदिसला त्यानं शाळेच्या दारापर्यंत सोडलं, गणवेशात, हात धरून. डॉक्टरिणीचं एवढं खरं झालं. पुढच्या पावसाळ्यात तीच गाठ दुसऱ्या जागी निघाली आणि तो गेला. पुरायला चार वस्त्या आल्या. सोबेरानो आला होता, भोंगे झाकून, आवाज न करता.

कॅसेट आईच्या कपाटात आहे. घराबाहेर कधी गेली नाही. पुष्कळांनी मागितली, तिबुरोनवाल्यांनी सुद्धा. मी दारातूनच हाकललं.

परवा मिलेइदिसनं ती स्वतःहून लावली. आता मोठी झालीये, बापासारखी बादली पालथी घालून बसते. सगळी ऐकली, मग बटण दाबून मागे नेली, दुसरं कडवं पुन्हा ऐकलं. मी अवोकाडो पुसत होतो.

"काका, यात दोन आवाज आहेत. पप्पा कुठला?"

"ज्याचा ताल चुकत नाही, तो."

तिनं कान पेटीला लावला. "आणि हा जो चुकतोय तो?"

"तो त्याचा मोठा भाऊ," मी म्हटलं.